रोकडे मॅडमचे नसते उद्योग

रोकडे मॅडम कुणाला चहा विचारत नसत, हिरडा विचारत. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात बाकीच्या बायका सुटे पैसे ठेवतात, तिथं यांचे काळे, सुरकुतलेले हिरडे. कॉलेजात नवा शिपाई येवो की तपासणीची समिती, मॅडम कप्पा उघडायच्या. "घ्या. चावू नका, नुसता गालात धरा." समोरच्याचं तोंड आवळलं, डोळे बारीक झाले की म्हणायच्या, "आता पाणी प्या." पाणी गोड लागायचं. माणूस चकित होऊन बघायला लागला की मॅडम अशा खूश व्हायच्या, जणू ते पाणी त्यांनीच गोड केलंय. एका समितीच्या अध्यक्षांनी गडबडीत दोन हिरडे आख्खे गिळले होते. त्यांचा मुक्काम कसा गेला ते आम्हाला कळलं नाही, अहवाल मात्र फारच थोडक्यात आला.

मी त्या कॉलेजचा ग्रंथपाल. मॅडम रसायनशास्त्राच्या. ग्रंथपालाचा आणि रसायनशास्त्राचा तसा संबंध येत नाही, पण घोडेगावात नेटची रेंज आमच्या वाचनालयाच्या पश्चिमेकडच्या खिडकीशी येते आणि सरकारचं पोर्टल सकाळी लवकर उघडलं तरच उघडतं. म्हणून मॅडम महाळुंगे पडवळहून पहिल्या एसटीनं यायच्या आणि माझ्या टेबलाशी ठाण मांडायच्या. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "काय वाचनालय, नेट आहे का?" प्राचार्यांना त्या 'खुर्ची' म्हणायच्या, तेही त्यांच्या तोंडावर. "खुर्चीनं सही केली का?" प्राचार्यांना राग यायचा, पण मॅडम त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ होत्या, आणि कॉलेजातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं होतं.

अंगानं सडसडीत, सुती साडी, उजव्या अंगठ्यावर ॲसिडचा जुना पांढरा डाग. वर्गात पुस्तकी मराठी, पण संतापल्या की थेट वस्तीवरची बोली बाहेर यायची. लग्न केलं नव्हतं. घरी म्हातारी आई. आई दर पौर्णिमेला विहारात जायची आणि मॅडम तिला सोडायला जायच्या, एवढी एक सुट्टी त्या घेत. बाकी रजा त्यांच्या खात्यावर साचत गेल्या.

हा हिरडा त्यांच्या मागे लागला तो एका शिबिरात. कॉलेजची मुलं घेऊन त्या तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका वाडीवर गेल्या होत्या. तिकडे उन्हाळ्यात बाळहिरडा काढतात. हिरड्याचं फळ पुरतं मोठं व्हायच्या आधी, बोटाच्या पेराएवढं असतानाच झाडावरून उतरवायचं आणि वाळवायचं. त्याला औषधाच्या धंद्यात मान आहे. मोठा हिरडा थंडीत पडतो, त्याला कुणी फारसं विचारत नाही. वर्षाकाठी रोकड हातात येते ती या बाळहिरड्याची, तीही नीट वाळला तर. त्या दिवशी दुपारी कातळावर सगळ्या वाडीचा हिरडा पसरलेला होता आणि वळवाची एकच सर आली. बाया पदर खोचून धावल्या, पण किती गोळा करणार? दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशीचे ठिपके. हौसाबाई म्हणून एक बाई होती, तिचा नवरा हिरड्याच्याच झाडावरून पडून कमरेतनं अधू झालेला. ती तो भिजका हिरडा हातात घेऊन मॅडमना म्हणाली, "बाई, तुमी एवढं शिकल्याली मान्सं. ह्ये वाळवायचं कायतरी सांगा की."

मॅडम आम्हाला हे वाक्य इतक्या वेळा सांगायच्या की मला त्याचा कंटाळा आला होता. पण ते त्यांना आरपार लागलं होतं, यात शंका नाही.

त्याच सुमारास सरकारची ती योजना आली. विद्यापीठानं संशोधन द्यायचं, छोट्या उद्योजकानं त्यातून वस्तू बनवायची, सरकारनं दोघांना अनुदान द्यायचं आणि मध्ये आमच्यासारख्या कॉलेजातल्या एका माणसानं मुख्य संशोधक म्हणून दोघांची गाठ घालायची. योजना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. आमच्या वाचनालयात प्रबंधांचं एक कपाट आहे. त्याची किल्ली हरवली तेव्हा कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ते ज्ञान कपाटातून बाहेर काढायची ही युक्ती ज्यानं कुणी शोधली, त्याचं डोकं ताळ्यावर होतं. पुढं त्याची फाइल कुणाकुणाच्या हाती गेली, हा भाग वेगळा.

विद्यापीठात एका प्राध्यापकांनी हिरडा किती उष्णतेला वाळवला तर त्यातला कस टिकतो, यावर काम केलेलंच होतं. मॅडमना हवा होता उद्योजक. त्यांनी एसटी स्टँडच्या पुढचं नामाभाऊचं वर्कशॉप गाठलं. नामाभाऊ गेटं, ग्रिल, गोठ्याच्या शेड बनवायचा. मी सोबत होतो.

"नामाभाऊ, तुम्ही उद्योग आहात," मॅडम म्हणाल्या.

वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून तो बघत राहिला. "मॅडम, शिव्या नका दिऊ राव. आमचा बाप मला ह्येच म्हनायचा. नसतं उद्योग करतो म्हून हानायचा."

"सरकार त्याच नसत्या उद्योगाला अनुदान देतंय."

त्या दिवसापासून त्याचं नाव 'उद्योग' पडलं. "अहो उद्योग, इकडे या," अशी हाक आली की स्टँडवरची माणसं हसायची. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून विचारलं, "निवृत्ती जवळ आली, आता कशाला हे नसते उद्योग?" मॅडम म्हणाल्या, "खुर्चीला कळायचं नाही."

मग शहरात मुलाखत झाली. मोठा हॉल, गार हवा, टेबलापलीकडे पाच तज्ज्ञ. बाकीचे उद्योजक कोट घालून आलेले. नामाभाऊनं लग्नातला सफारी घातला होता आणि त्याचं बटण पोटावर लागत नव्हतं. समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, "तुमची युनिट्स किती आहेत?" नामाभाऊचा जीव एकदम भांड्यात पडला, कारण हे त्याला येत होतं. "साहेब, म्हयन्याला तीनशे-साडेतीनशे. वेल्डिंगचं काम आसंल तर जास्तीबी येतं." साहेबांनी भुवया उंचावून शेजारच्याकडे पाहिलं. मॅडमना आधी उलगडा झाला नाही. झाला तेव्हा त्या अशा हसत सुटल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. "साहेब, ते लाइटबिल सांगतायत." सगळी समिती हसली. परत येताना गाडीत नामाभाऊ खिडकीबाहेर बघत गप्प बसून होता, आणि मॅडम त्याला हिरडा देऊन समजूत घालत होत्या. त्या प्रवासाइतक्या आनंदात मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

अर्ज गेला. आणि आमच्या वाट बघायच्या सकाळी सुरू झाल्या. मॅडम यायच्या, पोर्टल उघडायच्या, गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायच्या. मी विचारायचो, "काय म्हणतंय?" त्या म्हणायच्या, "जिवंत आहे." विद्यापीठातल्या कारकुनाचा हा शब्द. फोन केला की तो सांगायचा, प्रस्ताव जिवंत आहे. मॅडमनी तो उचलला. "जिवंत आहे, वाचनालय. धुगधुगी आहे अजून." हिवाळा गेला, उन्हाळा तोंडावर आला. नामाभाऊनं लोखंडाची चौकशी करून ठेवली. हौसाबाईनं वाडीतली सपाट जागा साफ करून ठेवली.

एका सकाळी पोर्टलवर हरकत आली. मॅडमनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. झालं होतं असं. मॅडमनी इंग्रजी अर्जात फळाचं नाव मुद्दाम तसंच ठेवलं होतं, बाळहिरडा, फक्त रोमन अक्षरात. मोठ्या हिरड्याशी घोटाळा नको म्हणून. छाननी करणाऱ्या कुणीतरी त्यातलं 'बाळ' वाचलं आणि ठरवून टाकलं की हे तान्ह्या बाळांना द्यायचं औषध आहे. त्यामुळे प्रस्ताव लहान मुलांच्या औषधांच्या समितीकडे गेला होता. हरकत अशी, की अर्भकांवर याचा काय परिणाम होतो, याचं बालरोगतज्ज्ञांचं प्रमाणपत्र जोडावं.

मला हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. त्या उठून व्हरांड्यात गेल्या आणि तिथून त्यांचा आवाज आला, तो सगळ्या कॉलेजनं ऐकला. "आरं, झाडाचं बाळ हाये त्ये! झाडाचं!"

त्यांनी खुलासा पाठवला. खुलासा बालरोगाच्या समितीकडेच गेला, आणि ती समिती पावसाळ्यात बसते असं कळलं. त्या शहरात गेल्या, सोबत डबाभर हिरडे घेऊन. बाळहिरडा आणि मोठा हिरडा टेबलावर शेजारी शेजारी मांडून दाखवला. ज्या अधिकारी बाईंपुढे दाखवला त्या भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कळलं हो मला. पण फाइल इकडे आली आहे ना, आता ती इथूनच पुढे जाणार." तोवर डोंगरातला हंगाम सुरू होऊन संपला होता. त्या वर्षीही वाडीचा हिरडा कातळावरच वाळला, जेवढा वाळला तेवढा. हौसाबाई मंगळवारी बाजाराला घोडेगावात यायची, तेव्हा कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून विचारायची, "बाई, आलं का तुमचं त्ये?" पहिल्या दोन वेळेला मॅडम बाहेर जाऊन तिच्याशी बोलल्या. नंतर नंतर मंगळवारी त्या मागच्या दारानं जायला लागल्या. ही बाई कुणाला तोंड चुकवेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मंजुरी आली ती पुढच्या थंडीत. पहिला हप्ता मार्चअखेर खर्च करायचा, नाहीतर परत. नामाभाऊनं दिवसरात्र एक करून सांगाडा उभा केला. लोखंडी चौकट, आत जाळीची ताटं एकावर एक, मागे पंख्याची खोबण. मॅडम त्याला वाळवणघर म्हणायच्या, नामाभाऊ डायर म्हणायचा. पारदर्शक पत्रे आणि पंखे दुसऱ्या हप्त्यातून यायचे होते. सांगाडा पिकअपमध्ये घालून वाडीवर नेला, त्या दिवशी बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मॅडम बाजूला उभ्या राहून बघत होत्या. अशा गोष्टींना त्यांचा विरोध असायचा, पण त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

दुसरा हप्ता यायच्या आधी विद्यापीठातून विचारणा आली. मुख्य संशोधक मे महिन्याच्या शेवटी सेवानिवृत्त होत आहेत, तर प्रकल्प कोण पुढे चालवणार?

आमच्या भागात त्या पिढीच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. पोराला शाळेत घालायला आलेल्या आईबापाला जन्मतारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. पोर लहान दिसलं तर वरून वर्षही मागं ओढायचे, वय पुरं भरायला. मॅडमच्या बाबतीत दोन्ही झालं होतं. आईला विचारलं तर म्हातारी म्हणायची, "जून कशाचा? बटाटं काढाया चालल्याली. थंडी लई व्हती. मी वावरातनं आले न् तू झालीस." म्हणजे पुढचा आख्खा हिवाळा मॅडमच्या हक्काचा होता, आणि तेवढ्यात दुसरा हप्ता येऊन वाळवणघर उभं राहिलं असतं. पण एक जूनला जन्मलेला माणूस एकतीस मेला निवृत्त होतो. मॅडम हे घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, सेवापुस्तकातली तारीख आता कोण बदलणार? अहो, मीसुद्धा एक जूनचाच आहे. माझी आई सांगते, मी दिवाळीतला."

मग त्यांनी दुसरा मुख्य संशोधक शोधायला घेतला. एकाच्या मुलीची बारावी होती. एकाला संशोधनाची ॲलर्जी होती, हे त्याचे स्वतःचे शब्द. विभागात एक हुशार मुलगी होती, ती आनंदानं तयार झाली, पण ती तासिका तत्त्वावर. तास घेईल तेवढाच पगार, आणि कायम नोकरी नसलेल्याला प्रकल्प देता येत नाही. मॅडमनी त्यासाठी सहा कार्यालयांना पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. सकाळी त्या आल्या की मी 'काय म्हणतंय' विचारणं बंद केलं. त्या नुसत्या खिडकीशी बसून राहायच्या.

एक दिवस मात्र टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "वाचनालय, तुमच्या भावाचं पॉलिहाऊस आहे ना बोरीला?"

बोरी बुद्रुकला माझा धाकटा भाऊ फुलं पिकवतो. पॉलिहाऊसच्या प्लास्टिकला आमच्याकडे कागद म्हणतात. दर काही वर्षांनी तो बदलतात आणि जुना बांधावर पडून राहतो. मॅडमना तो हवा होता. पत्रे येत नाहीत तर सांगाड्याला कागद लावायचा आणि निदान एक घाणा हिरडा वाळवून दाखवायचा. "एकदा चाललेलं दिसलं, की बंद करताना त्यांचा हात थरथरेल," त्या म्हणाल्या. भावानं कागदाची गुंडाळी पिकअपमध्ये टाकली. मॅडम तिच्यावर हात फिरवत म्हणाल्या, "दोन वर्षं कागद गोळा केले राव. हा पहिला कामाचा निघाला." आम्ही तिघंही हसलो, पण त्यांच्या डोळ्यात पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

कागद लागला. बिनपंख्याचंच, पण आत चांगली धग धरू लागली. हंगाम उशिरा सुरू झाला होता. दरवर्षी हौसाबाई आणि वाडीतल्या बाया पावसाच्या भीतीनं अर्धवट वाळलेलाच हिरडा रस्त्यावर येणाऱ्या व्यापाऱ्याला देऊन टाकत, भाव पडेल तो. या वर्षी मॅडम घरोघर गेल्या. "मला एक लॉट द्या. वाळवून विका." हौसाबाईनं व्यापाऱ्याची गाडी परत पाठवली. "आमच्या बाईचा डायर हाये," असं त्याला सांगितलं. तिच्याकडे बघून बाकीच्यांनीही पाठवली. हिरडा उतरवायला वेळ लागला, आणि वाळवणघर पुरतं भरलं तेव्हा मे महिना संपत आला होता.

त्याच आठवड्यात आदेश आला. मुख्य संशोधक निवृत्त होत असल्यानं आणि पर्यायी संशोधक नसल्यानं प्रकल्प बंद करण्यात येत आहे. उद्योग भागीदारानं साहित्य उतरवून महिनाअखेरीस विद्यापीठाच्या भांडारात जमा करावं. न केल्यास भागीदाराचं नाव काळ्या यादीत, आणि मुख्य संशोधकाला ना-देय दाखला नाही. दाखला नाही म्हणजे पेन्शन नाही. मॅडम म्हणाल्या, "पेन्शन अडवा माझी," आणि वाडीवर निघून गेल्या.

एकतीस तारखेला हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. शाल, नारळ, मानपत्र. सत्कारमूर्तीचा पत्ता नव्हता. डोंगरात फोन लागत नाही. प्राचार्य मला म्हणाले, "तुम्ही जाऊन घेऊन या, तुमचं ऐकतात." त्यांनी शाल माझ्या पिशवीत कोंबली. "नाहीच आल्या तर तिथंच द्या." त्यांचाही चेहरा उतरला होता, हे मला सांगायला हवं. मी स्टँडवर आलो तर नामाभाऊ पिकअप घेऊन उभा. त्यालाही वरच जायचं होतं, मागे पान्ह्यांची पेटी ठेवलेली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "शाळांच्या शेडचं काम लागलंय भाऊ. सरकारी हाये. काळ्या यादीत गेलो की ग्येलं. दोन पोरं कामाला ठिवल्यात त्या भरवशावर."

मॅडम वाळवणघरात होत्या. आत उभं राहवत नव्हतं, तरी त्या एकेका ताटातला हिरडा हातानं खालीवर करत होत्या. आम्हाला बघून बाहेर आल्या. घामानं साडी अंगाला चिकटलेली. एक हिरडा नखानं चिरून त्यांनी माझ्यापुढे धरला. बाहेरून सुरकुतलेला, आत अजून हिरवा.

"चार उन्हं, वाचनालय. फक्त चार."

मग त्या टेकाडावर गेल्या, तिथं फोनला एखादी रेघ येते. मी मागोमाग गेलो. विद्यापीठातल्या साहेबांशी त्या बोलत होत्या आणि पलीकडून तेच तेच उत्तर येत होतं, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. आज एकतीस आहे. "साहेब, आजपर्यंत मी कुणाला... साहेब, पाया पडते तुमच्या. चार दिवस. हे माझं नाही हो, ह्या बायांचं आहे." पाठमोऱ्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते. पेशंट मेल्याचं सांगितल्यावर माणूस जसा डॉक्टरचा हात सोडत नाही, तसा त्यांनी तो फोन कानाला धरून ठेवला होता, पलीकडचा माणूस बोलायचा थांबला तरी. मला त्या साहेबांचा असा राग आला, आणि साहेबांची काहीच चूक नव्हती. त्यांच्या हातात काही नव्हतं. कुणाच्याच हातात काही नव्हतं, हीच तर रड होती.

खाली आलो. नामाभाऊ पान्हा हातात घेऊन उभा होता आणि हौसाबाई त्याच्यापुढे. "खोलू नगंस रं भावा. व्यापाऱ्याला मी न्हाई म्हनल्येय. आता त्यो बी घ्यायाचा न्हाई आमचा माल." तिच्यामागे वाडीतल्या साताठ बाया. कुणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. सगळ्या मॅडमकडे बघत होत्या.

मॅडम खूप वेळ सांगाड्याच्या एका खांबाला धरून उभ्या राहिल्या. त्यांची पेन्शन त्यांनी केव्हाच सोडून दिली होती, तिचा प्रश्न नव्हता. त्या नामाभाऊकडे बघत होत्या. नामाभाऊनं मान खाली घातली आणि म्हणाला, "मॅडम, तुमी म्हना. तुमी न्हाई म्हनला, तर मी माघारी जातो. जाऊंद्या ती यादी."

तो ते मनापासून बोलत होता. आणि म्हणूनच मॅडमना 'नाही' म्हणता आलं नाही.

"खोला," त्या म्हणाल्या. "मी यांना बुडवू शकत नाही." मग आवाज फुटला. "हौसाबाई, मला माफ कर गं. मी तुला सांगितलं नसतं तर तू त्याला देऊन टाकला असतास."

हौसाबाईनं पुढं होऊन पहिलं ताट उचललं.

बायांनी ताटं कातळावर नेऊन उपडी केली. नामाभाऊ बोल्ट सोडू लागला आणि रडू लागला. लहान मुलासारखं, आवाज करत. मॅडम त्याच्याजवळ गेल्या. "रडू नका उद्योग. हात कापून घ्याल." आणि थोड्या वेळानं, "हिरड्यावर पाय देऊ नका तेवढा."

सांगाडा गाडीत चढला. कागद आदेशात नव्हता, म्हणून तो तिथंच राहिला. हिरड्यावर टाकायला घ्यावा तर उतरवताना उभा फाटलेला. पश्चिमेला आभाळ भरून येत होतं. मी पिशवीतून शाल काढली, कशी द्यावी ते कळेना, तशीच पुढं केली. मॅडमनी ती घेतली, पोत बघितला, आणि सरळ हौसाबाईकडे दिली. "त्या कोपऱ्यातल्यावर टाक. तो जास्त वाळलाय."

"मॅडम, हॉलमध्ये सगळे थांबलेत," मी म्हणालो.

"जेवायला सांगा त्यांना."

हौसाबाईनं विचारलं, "बाई, उद्याच्याला येशाल का तुमी?"

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "उद्या मी कोण म्हणून येऊ गं?"

हौसाबाईला प्रश्न कळला नसावा, किंवा कळला असावा. ती म्हणाली, "न्हाई म्हंजी, हिरडा उलटाया मानूस लागंल."

नामाभाऊनं गाडी चालू केली. उतारावरच्या वळणाशी मी मागे पाहिलं. बाया वाकून हिरडा एका जागी सारत होत्या, आणि मॅडम त्यांच्यात कातळावर गुडघे टेकून बसल्या होत्या. एकेक हिरडा उचलायचा, दोन बोटांत दाबून बघायचा, उलटा करून ठेवायचा. मी हात वर केला. त्यांनी पाहिलं नाही. कातळभर हिरडा होता, आणि त्या पहिल्याच ओळीत होत्या.